आईची स्वच्छ डबी

आमची आई स्वच्छतेच्या बाबतीत महाहट्टी. कांजूरमार्गच्या आमच्या चाळीत तिने घासलेल्या भांड्याला बोट लावायची चोरी होती. त्या हट्टापायी एकदा तिच्या जिवावर बेतलं. ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि रागही.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं उलटली होती, मी दहावीत होते. गणपती झाले आणि चाळीत तापाची साथ आली. खोलीखोलीतून खोकल्याचे आवाज. पंधरा दिवसांत सगळे बरे झाले, आईचा खोकला मात्र मुक्कामाला राहिला. "साथीचाच आहे, जाईल," असं ती म्हणे, शेजारणी म्हणत आणि कोपऱ्यावरचा डॉक्टरही तेच म्हणून लाल औषधाची बाटली हातात ठेवी. अशा तीन बाटल्या संपल्या. आईची पोलकी सैल झाली, रोज संध्याकाळी अंग तापू लागलं, तेव्हा कुठे बाबांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे टीबीचा संशय आला. सकाळी खोकून छातीतून जे येईल ते डबीत आणायला सांगितलं. डबी मीच उकळून दिली.

रिपोर्ट आला. काही नाही!

बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीतली नोकरी सुटली, पण देवाला गाऱ्हाणं घालणं सुटलं नाही. सुख असो वा दुःख, नारळ घेऊन देवापुढे उभे राहायचे, देवाला मोठ्याने सगळी हकिकत सांगायचे आणि आम्ही मागून हुंकार भरायचा. त्या दिवशीही ते गरजले, "बा देवा म्हाराजा, घरातली इडापिडा टळली, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. आईचा हुंकार मात्र 'व्हय'पाशीच अडकला आणि पुढे नुसता खोकला. आम्ही हसलो. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

दिवाळीनंतर तिला पाण्याची कळशी उचलवेना. मी घाबरले. आई मरणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं. बाबा तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेले. छातीचा फोटो काढला. डॉक्टर एकदा फोटो बघत, एकदा जुना रिपोर्ट. शेवटी त्यांनी तपासणीच्या खोलीतल्या बाईंना बोलावलं.

"मावशी, मागच्या वेळी डबीत काय दिलंत?" बाईंनी विचारलं.

आई ताठ बसली. "एकदम स्वच्छ दिलं हो! आधी सगळं खोकून मोरीत टाकलं, वर पाणी ओतलं, चूळ भरली. मग डबीत थुंकले. परक्याच्या हातात घाण कशी देणार?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ती घाणच हवी होती ना आम्हाला!"

बाबा इतके हसले की डॉक्टरांनी त्यांना बाहेर पाठवलं. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर ते बाकावर बसून रडत होते.

दुसऱ्या डबीत टीबी सापडला. मग महिनोन्‌महिने गोळ्या. दोन महिन्यांत आईला बरं वाटू लागलं आणि ती म्हणाली, "आता कशाला?" बाबा रोज पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभे राहत आणि गोळी गिळल्यावर तिला तोंड उघडून दाखवायला लावत. "मी काय लहान आहे?" ती चिडायची. "लहान नाय, स्वच्छ आसस," बाबा म्हणायचे.

शेवटची गोळी संपली, डॉक्टरांनी सुटी दिली, तेव्हा पुन्हा नारळ आला.

"बा देवा म्हाराजा, गेल्या टायमाक आमी तुका चुकीची खबर दिली, रे म्हाराजा! तुझी काय एक चूक नाय. आता खरोखर घरकारीण बरी झाली आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मी मुद्दाम गप्प राहिले आणि कान देऊन ऐकलं. सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता, आणि तो शेवटपर्यंत गेला.