आईनं घेतलेलं नाव आणि मी टिक केलेला चौकोन

माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी अर्धा डझन नवऱ्यांना नाहीसं केलं. त्यात मीही होतो.

आधीच सांगतो, मी या विषयातला तज्ज्ञ माणूस आहे. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कंपनीत माझी नोकरी म्हणजे लोकांचा हरवलेला डेटा शोधून देणं. कुणी लॅपटॉपवर चहा सांडतं, कुणी हनिमूनचे फोटो डिलीट करून बसतं आणि मग रडवेल्या चेहऱ्यानं माझ्यापुढं येऊन उभं राहतं. मी चष्मा वर सरकवतो आणि म्हणतो, "डोंट वरी." (हे दोन शब्द घरात उच्चारायला मला आता बंदी आहे.)

तर, बाबा. माझे बाबा सुदाम, पक्के चळवळीतले. स्लाऊ, हॅरो, इल्फर्ड, जिथं म्हणून कुणी चार खुर्च्या मांडल्या तिथं बाबांनी भाषण दिलं. स्त्री-पुरुष समता हा त्यांचा हातखंडा विषय, आणि याच विषयात त्यांचा रोज घरी पराभव व्हायचा. लग्न झाल्या दिवसापासून ते आईला सांगत आले, "मी तुला शांता म्हणतो, तू मला सुदाम म्हण."

आई म्हणायची, "अहो, जेवून घ्या."

एकदा सुपरमार्केटमध्ये बाबा हरवले. (बाबांच्या मते आई हरवली.) आई थेट कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर गेली. तिथल्या मुलीनं माइक हातात घेऊन विचारलं, "व्हॉट्स युअर हजबंड्स नेम, लव्ह?" आई गप्प. मुलीनं पुन्हा विचारलं. आईनं पर्समधून बाबांचा बस पास काढला आणि नावावर बोट ठेवलं. मुलीला वाटलं, बिचारीला बोलता येत नाही. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वर एक बिस्कीट दिलं. बाबा सापडले तेव्हा आई दुसरं बिस्कीट खात होती.

पन्नासावा वाढदिवस जवळ आला तसं आम्ही बाबांना विचारलं, "काय हवं तुम्हाला?" स्वेटर नको म्हणाले, क्रूझ नको म्हणाले. मग म्हणाले, "शांताच्या तोंडून एकदा माझं नाव ऐकायचंय. कान आहेत तोवर." उजवा कान तसा गेलेलाच आहे, डाव्यात मशीन आहे. बाबा एरवी उठताबसता मस्करी करतात, पण हे बोलताना हसले नाहीत. मला अगदी गलबलून आलं.

तोड काढली माझ्या बायकोनं, सुजातानं. "उखाणा! उखाण्यात नाव घ्यावंच लागतं ना? सगळ्या बायकांचे उखाणे रेकॉर्ड करू, हॉलमध्ये वाजवू. त्यात आईंचाही घेऊ."

आई तयार झाली, पण अटी घालून. "स्टेजवर नाही. माणसांपुढं नाही. मशीनपुढं घेईन, तेही एकदाच. आणि मिलिंद, तू ते आधी ऐकायचं नाहीस."

"अगं, पण चेक तर करावं लागेल!"

"ऐकलंस तर मी कार्यक्रमाला येणार नाही."

मग आई माझा फोन घेऊन जिन्याखालच्या कपाटात शिरली आणि आतून दार ओढून घेतलं. त्या कपाटात झाडलोटीचा हूवर आहे, ओले कोट आहेत आणि एक इस्त्रीचं टेबल आहे, ते कुणी आत गेलं की अंगावर पडतं. ते पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आई बाहेर आली ती लाजून लालबुंद आणि केसांत जळमट. "घे. झालं," म्हणाली आणि तडक पोळ्या लाटायला गेली. बाबा सोफ्यावरून नुसते दाराकडं बघत राहिले.

मी सगळे उखाणे एका फुकटातल्या ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घातले, साफसूफ केले, 'एक्सपोर्ट' दाबलं आणि आईचा सोडून बाकीचे बायकांच्या ग्रुपवर पाठवून दिले. चहा ओतेपर्यंत सुजाता फोन नाचवत आली.

"माझा नवरा कुठाय?"

"अगं, हा काय, समोर बसलोय!"

"फाइलमध्ये कुठाय?"

मी ऐकलं. सुजाताचा उखाणा होता, 'कुणाला फुटबॉलचा नाद, कुणाला बागेचा छंद, माझ्या नशिबी आले लॅपटॉपवेडे मिलिंद.' फाइलमध्ये लॅपटॉपवेडे आले होते. मिलिंद आलेच नव्हते!

मग फोन सुरू झाले. हॅरोच्या वानखेडेवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आमचे हे गायब!" इल्फर्डच्या मावशींनी विचारलं, "आमच्या ह्यांनी तुझं काय घोडं मारलं रे?" मोरेकाका स्वतः लाइनवर आले. "मिलिंद, माझंच नाव का कापलंस? कमिटीच्या इलेक्शनचा राग काढतोस का?" मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "डोंट वरी."

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये वाजवलं की नाव ऐकू येत होतं. एक्सपोर्ट केलेल्या फाइलमधून मात्र तेवढाच तुकडा गळत होता. फक्त दोन नवरे वाचले होते. एक कांबळेकाकूंचे 'उत्तम' आणि दुसरा माझ्या धाकट्या बहिणीचा, रीनाचा 'टॉम'. कांबळेकाकूंचं आयुष्य वेअरहाऊसमध्ये, फोर्कलिफ्टच्या वरताण ओरडण्यात गेलं. काकू स्वयंपाकघरात कुजबुजल्या तरी विंडसरपर्यंत ऐकू जातं. आणि रीना जन्मली स्लाऊमध्ये. ती दिवसभर नवऱ्याला नावानं हाका मारून कचऱ्याचे डबे बाहेर काढायला लावते.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी तज्ज्ञ! मी शास्त्रशुद्ध विचार केला. उत्तम. टॉम. दोन्ही नावांच्या शेवटी म! म्हणजे सॉफ्टवेअरला म चालतो. सुदामच्याही शेवटी म! मला केवढं हायसं वाटलं.

रीना म्हणाली, "दादा, डोन्ट बी सिली. तुझी बायकोचा उखाणा तुटली, कारण तू काहीतरी दाबला."

"मी काहीही दाबलेलं नाही," मी करारी आवाजात सांगितलं.

शेवटी इंटरनेटवर एका भल्या माणसाचा सल्ला सापडला. एक्सपोर्टमध्ये शेवट कापला जात असेल तर शेवटी दुसरं काहीतरी चिकटवा, म्हणजे कापलं तर ते कापलं जाईल. वा! मी टाळ्यांचा आवाज शोधला आणि सुजाताला हाक मारली, "जरा उखाणा पुन्हा म्हण गं."

ती कढईतलं तेल तापत ठेवून आली होती. कमरेवर हात ठेवून तिनं उखाणा म्हटला आणि शेवटी जे "मिलिंद!" केलं, त्यानं शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मी पुढं टाळ्या चिकटवल्या, एक्सपोर्ट केलं. मिलिंद शाबूत! मागोमाग टाळ्या! बाकीच्या बायकांनीही वैतागून, दातओठ खात आपापले नवरे पुन्हा पाठवले. सगळे शाबूत! मी आईच्या फाइललाही, दिल्या शब्दाप्रमाणे न ऐकता, शेवटी टाळ्या चिकटवल्या आणि शीळ वाजवत झोपलो.

कार्यक्रम हॅरोच्या एका हॉलमध्ये होता. सगळ्यांचे जयभीम झाले, त्रिशरण-पंचशील झालं, समोसे फिरले. बाबा पहिल्या रांगेत आईशेजारी बसले होते. नवा सूट, कानाच्या मशीनमध्ये नवी बॅटरी. खिशात भाषणाचे कागद होतेच. उखाणे सुरू झाले. नवरे एकेक करून मोठ्यानं पुकारले गेले, हॉल हसून लोटपोट. मी स्टेजवर लॅपटॉपमागं ताठ बसलो होतो. मग आईचा आवाज आला.

'परक्या थंडीत संसार केला, गाळला दोघांनी घाम, पन्नास वर्षं ऐकली भाषणं ज्यांची, ते माझे...'

आणि धो धो टाळ्या.

बाबा कानाला हात लावून पुढं झुकलेले तसेच राहिले. आख्ख्या हॉलला कळलं होतं, घामला यमक काय ते. सगळे एका सुरात ओरडले, "सुदाम!"

बाबांनी हात वर केला. "तुम्ही नाही," ते म्हणाले. "ती."

मी पुन्हा लावलं. ते माझे... टाळ्या. पुन्हा लावलं. पुन्हा टाळ्याच! बाबांना वाटलं आपलं मशीनच गेलं. त्यांनी ते काढून फुंकलं, पुन्हा बसवलं. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मी माइक घेऊन आईकडं धावलो.

"आई, प्लीज. एकदा."

"मी म्हटलंय. कपाटात. त्या तुझ्या डबड्याला विचार काय केलं त्याचं!"

"थांब मिलिंद," बाबा म्हणाले. "ती म्हणाली असेल तर आत असणारच. मला जवळून ऐकू दे." आणि पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस स्टेजच्या पायऱ्या चढून वर आला आणि त्यानं डावा कान थेट स्पीकरला लावला. मी आवाज फुल्ल केला. घाईघाईत चुकून पुढचा आयटम दाबला गेला. पुढचा आयटम होता मुलांची लेझीम!

ढोल, ताशा, लेझीम, सगळं एकदम बाबांच्या मशीनमध्ये शिरलं. बाबा उडालेच! एक पाऊल मागं, दुसरं पाऊल मागं, आणि पाठीमागं स्टेजची कड.

"अरे सुदाम!" पहिल्या रांगेतून आई किंचाळली. "मागं बघ! पडशील ना, सुदाम!"

बाबा जागच्या जागी थांबले. मी लेझीम बंद केली. हॉल चिडीचूप झाला. "घेतलं गं बाई नाव!" कांबळेकाकू कुजबुजल्या, ते पार पार्किंगपर्यंत ऐकू गेलं.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. उतरा खाली."

"मला ऐकू नाही आलं."

"अहो, आत्ताच पंचशील घेतलंत ना? खोटं काय बोलताय!"

बाबा उतरले, आईपुढं गेले आणि डावा कान तिच्या तोंडाजवळ नेला. आईनं पदर तोंडाशी धरला आणि काहीतरी पुटपुटली. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही. बाबा ताठ झाले, डोळे पुसले आणि हॉलकडं वळून म्हणाले, "आजचं माझं भाषण रद्द." पन्नास वर्षांत बाबांच्या कुठल्याही भाषणाला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

घरी आल्यावर रीनानं माझा लॅपटॉप उघडला आणि एक्सपोर्टच्या खिडकीतल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. 'शांतता काढून टाका.' टिक केलेलं! मागं एकदा बाबांचं भाषण मी याच सॉफ्टवेअरमधून काढलं होतं. बाबा दर वाक्यानंतर लोकांच्या टाळ्यांसाठी थांबतात, आणि टाळ्या काही येत नाहीत. ती शांतता काढली तर भाषण निम्मं झालं होतं. टिक तशीच राहिली. आणि आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेताना लाजून आवाज एवढा खाली नेतात, की सॉफ्टवेअरनं त्यालाच शांतता समजून टाकलं. दुसऱ्यांदा त्या चिडून ओरडल्या, म्हणून नवरे वाचले. शेवटच्या म चा कशाशी काही संबंध नव्हता.

"म्हणजे बाई हळू बोलली, तर ती बोललीच नाही?" बाबा उसळले. "हे कुणी ठरवलं?" रद्द झालेलं भाषण त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत दिलं, सगळ्या थांब्यांसकट.

कपाटातला उखाणा आईनं समोर उभं राहून माझ्याकडून डिलीट करून घेतला. "आता प्रत्यक्ष घेतलं ना? मग ते कशाला?" पण हॉलमधला माइक चालू होता आणि सगळा कार्यक्रम माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्ड होत होता. आईची ती हाक रेकॉर्ड झाली होती! बाबा म्हणाले, "माझ्या फोनवर घालून दे. रोज ऐकेन."

या वेळी मी काळजी घेतली. शांततेची टिक काढली. हॉलमध्ये कालवा फार होता, म्हणून शेजारच्या चौकोनात टिक केली, 'अनावश्यक गोंगाट काढून टाका.' एक्सपोर्ट केलं, आणि लॅपटॉपवर जागा कमी म्हणून मूळ रेकॉर्डिंग डिलीट केलं. बाबांनी इयरफोन लावला. लेझीम थांबली, आणि मग कांबळेकाकू स्वच्छ कुजबुजल्या, "घेतलं गं बाई नाव!" मधलं सगळं साफ!

मी ऑफिसातली होती नव्हती ती सगळी टूल्स लावली. तिथं अर्धी लेझीम सापडली, काकू दोनदा सापडल्या. आई सापडली नाही.

लॅपटॉप काखेत मारून मी बाबांना सांगायला गेलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, शांतपणे इयरफोन काढला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "शांता, मिलिंदनं पुन्हा घालवलं गं! जरा म्हण ना."

आतून खणखणीत आवाज आला, "अहो सुदाम, त्याला म्हणावं, ऑफिसात कुणाला सांगू नकोस. आहे ती नोकरीही घालवशील!"