तपासले, योग्य आहे

"चिखलात भात लावायचं सोडून इथं मला शिकवायला आलीस?"

साहेब हे सगळ्या विभागासमोर बोलले. शहरातल्या एका दवाखान्याचा आमचा संगणक विभाग. टेबलावर साहेबांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, कागदावर छापलेली. आमच्याकडं पद्धतच तशी. छापायची, चहा प्यायचा आणि खाली 'तपासले, योग्य आहे' लिहून सही ठोकायची. वाचत कुणीच नसे. मी वाचली, हाच माझा गुन्हा.

ती स्क्रिप्ट डिस्कवरची फाइल सिस्टिम, म्हणजे फायलींची मांडणी, तपासणार होती आणि बिघाड दिसला की आपोआप दुरुस्त करणार होती. पण डिस्क वापरात आहे की बाजूला काढलीय, हे ती बघतच नव्हती. चालू डिस्कवर दुरुस्ती केली की धडधाकट फायलींचीही वाट लागते. मी एवढंच म्हणाले होते.

सगळे हसले. शाहूवाडीहून आलेल्या पोरीवर हसायला काय लागतं. फक्त ऑपरेटर सुमनताई हसल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर असंल तर सही करू नगंस की."

मी केली. कान तापले होते, डोळे भरले होते. तिथून सुटायचं होतं, बस.

रविवारी सुमनताईंनी साहेबांच्या हुकमाप्रमाणं स्क्रिप्ट चालवली. डिस्क चालू होती. रुग्णांचे महिनाभराचे एक्स-रे गेले.

चौकशीत साहेब मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, "ऑपरेटरनं न विचारता चालवली." मी तिथंच बसले होते. गप्प. सुमनताईंना घरी बसवलं. जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. "डबा खाल्लास का?" एवढंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अपमान साहेबांनी केला, खरं आहे. पण सुमनताईंच्या पोटावर पाय मी दिला. माझ्या सहीनं.

पंधरा दिवसांनी स्क्रिप्ट पुन्हा छापून आली. चहाही आला. मी वाचली. आता सुरुवातीलाच तपासणी होती, डिस्क वापरात आहे का म्हणून. माझंच म्हणणं, गुपचूप घातलेलं.

"कर सही," साहेब म्हणाले.

मी लिहिलं, 'ही योग्य आहे. मागची नव्हती. मला ते माहीत होतं, मी सांगितलंही होतं, आणि तरी सही केली. सुमनताईंचा दोष नाही.'

साहेबांनी वाचलं. "खोड ते."

"न्हाय खोडणार."

दोन्ही कागद घेऊन मी चौकशी करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी बसलेय. जुन्यावर माझी सही आहे, तीही दाखवणार. नोकरी गेली तर जाऊ दे. सुमनताई परत त्यांच्या खुर्चीत बसेपर्यंत या दवाखान्यात माझी सही कुठल्याच कागदावर होणार नाही.