दुपारी पाणी येईल

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा मोटारीच्या थांब्यावर तासभर आधी येऊन उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातल्या आमच्या गावचे मास्तर. जावयाची बदली कलकत्त्याला झाली होती आणि त्यांची एकुलती एक मुलगी इतकी लांब निघाली होती. दुसऱ्या कुणी बरोबर लाडू दिले असते. अण्णांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "तिकडे मुलं असतीलच. रिकामी बसू नकोस," एवढंच म्हणाले.

तुम्हा गावातल्या बऱ्याच जणांना ते पुस्तक आठवत असेल. पाऊस न झालेल्या एका वर्षी निम्मी शाळा आईबापांमागे बाहेरगावी कामाला गेली, तेव्हा उरलेल्या मुलांसाठी अण्णांनी पाठकोऱ्या कागदांवर दुष्काळाची नऊ चित्रं काढली आणि दाभणाने शिवली. गेरू, हळद, काजळी, एवढेच रंग. नीळ दुकानात मिळायची, पण ती लावू कुठे, असं ते विचारायचे. चित्रांखाली एक अक्षर नव्हतं. वर्णन मुलांनी लिहायचं, आणि नियम एकच: दिसतं ते लिहा, ऐकलेलं लिहू नका.

स्वातंत्र्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. बालीगंजला आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. गल्लीच्या टोकाला तळं, तळ्यात मासे, आणि रस्त्यावरचा नळ दिवसभर नुसता वाहत असायचा. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पहिले काही दिवस मी उठून तो नळ बंद करायला जायची. शेजारच्या बाई मला वेडी समजत असणार, पण मला बंगाली येत नव्हतं म्हणून बरं.

अण्णांना मी प्रत्येक पत्रात लिहायची, इकडे या. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ते हाताने भाकऱ्या थापत होते. त्यांचं उत्तर ठरलेलं. पाऊस झाला की शाळा भरते, मग निघता येत नाही, आणि नाही झाला तर पोरांना टाकून कसं येऊ? मला राग यायचा, आणि पुढच्या पत्रात मी पुन्हा तेच लिहायची.

रविवारी सकाळी मी आमच्या खोलीत मराठी मुलांचा वर्ग घेऊ लागले. सात मुलं, बँकेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या लोकांची. त्यांचं मराठी आईपुरतं. भांडायची वेळ आली की सगळी बंगालीत. मी अण्णांचं पुस्तक उघडलं. पाचव्या चित्रात कोरडं नदीपात्र आहे, वाळूत उकरलेला झरा, आणि भोवती रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायका. त्या बायकांत एक माझी आई आहे, पण हे मी मुलांना सांगितलं नाही.

आठ वर्षांच्या कुंदाने लिहिलं, "नदीला भाटा आहे. बायका बसून आहेत. दुपारी पाणी येईल."

मला भडभडून आलं आणि मग संताप आला. भाटा म्हणजे ओहोटी, हे मी विचारून घेतलं. नदीला कुठे ओहोटी असते का? मी तिसऱ्या वाक्यावर लाल रेघ मारली आणि चांगलं बजावलं की चित्रात नाही ते लिहायचं नाही.

"काकू, मी बघितलंय," कुंदा म्हणाली.

तिच्या वडिलांनीच मला दुसऱ्या रविवारी गंगेच्या घाटावर नेलं. खरंच, पाणी लांब गेलेलं, नावा चिखलात कलंडलेल्या. आम्ही चणे खात बसलो आणि दुपारी पाणी पायऱ्या चढत परत आलं. समुद्राची भरती-ओहोटी इथे नदीतही शिरते; मी माणातली बाई, समुद्रही न पाहिलेली. मला कोण सांगणार? घरी येऊन अण्णांना सगळं लिहिलं आणि कुंदाचा कागद लाल रेघेसकट पाकिटात घातला.

उत्तर आलं ते कार्डावर. "पोरीने नियम मोडलेला नाही. तू मात्र तिला न विचारता रेघ मारलीस. परंतु मीही पाहिल्याशिवाय गुण देणार नाही. मेच्या सुट्टीत येतो."

माझ्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते एका पोरीच्या वाक्याने झालं. अण्णा हावड्याला उतरले ते छत्री आणि कुंदाचा कागद घेऊन. तिसऱ्या दिवशी ते आणि कुंदा घाटाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसली. मी मागे. उन्हाने डोकं तापलं, पण अण्णा हलेनात. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आणि कधी नाहीच आलं तर?"

"येतंच, आजोबा," कुंदा म्हणाली. "आपण बसायचं फक्त."

पाणी एकेक पायरी चढलं. अण्णांनी वहाणा काढल्या. पाणी पावलांना लागलं तेव्हा त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. आईला पोचवून आले त्या दिवशीही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी माझ्या लाल रेघेखाली लिहिलं, "बरोबर. स्वतः पाहिले." खाली सही केली, आणि कागद कुंदाला दिला.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ते परत गेले. राहा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हटलं नाही. या खेपेला फलाटावर उभी मी होते.

गाव कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून माणच सांगते. घर मात्र इथे झालंय. तुमच्याकडून पावसाने तोंड फिरवल्याचं पत्र आलं, की मी ट्राम धरून घाटावर जाते आणि ओहोटी असली तर बसून राहते. त्या पाण्याचा थेंबही तुमच्यापर्यंत पोचत नाही, हे मला कळतं. तरी पायाला पाणी लागेपर्यंत मला उठवत नाही.