चौथी हाक

कॅसलरॉकला मी रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन स्टेशनच्या बाकावर बसायचो, कारण घरी रेंज नसायची. जंगलाचा एक गेम बनवत होतो. त्यातले प्राणी खेळाडूच्या जवळचा आधी, लांबचा नंतर असे क्रमानं लावायला गेलं की गेम बंद पडायचा. मेलेल्या हरणाचं नाव यादीत राहायचं आणि हरीण काही सापडायचं नाही. आठवडाभर डोकं फिरलं होतं.

त्याच वेळी एक म्हातारा म्हशी घेऊन रूळ ओलांडायचा. काठी आडवी धरून थोरलीपासून एकेकीला नावानं हाक मारायचा. जिचं नाव, तीच पुढं. चौथ्या नावाला मात्र कुणीच हलायचं नाही. तो रानाकडं बघत थोडा थांबायचा, मग पाचवीला हाक द्यायचा.

एकदा विचारलं, "मामा, चौथी कुठंय?"

"वाघानं नेली."

"मग हाक कशाला?"

"सवय हाय. न्हाई आली तर फुडलीला वाट द्यायची. तितंच अडून बसलं तर बाकीच्या घरला कवा जातील?"

मी तिथंच एक ओळ लिहिली: प्राणी नसेल तर पुढं जा. गेम चालला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा चौथ्या नावाला पुन्हा थांबला. माझा गेम मेलेल्या हरणाच्या नावाला थांबत नाही.