नंदा गोड बोलली तो रविवार

बोरिवलीच्या आमच्या मासळीबाजारात नंदाच्या तोंडाला लागायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. गेली अठ्ठावीस वर्षं ती गोराईहून सकाळच्या बोटीने येते. कुणी पापलेटाचा कल्ला उचलून नाक मुरडलं की त्याच्या स्वयंपाकघरापासून सासरपर्यंत सगळं बाहेर काढते. गिऱ्हाईक तरातरा निघालं की त्याच्या सात पिढ्यांच्या कंजूषपणाचा उद्धार करत परत बोलावते, मागितलेल्या भावात देते आणि वर मूठभर करंदी टाकते. ही घासाघीस ज्याला झेपत नाही त्याने खुशाल चिकन खावं.

मग समोरच्या ओट्यावर हेमांगी आली. सासूचे गुडघे गेले, म्हणून जागा सुनेकडे आली. त्याआधी तीन वर्षं ती कॉलसेंटरमध्ये होती. फोनवर तापलेल्या लोकांना थंड करायचं, हीच नोकरी. ती जीभ ती तशीच बाजारात घेऊन आली. सॉरी डिअर, आय अंडरस्टँड, डोन्ट वरी आंटी. भाव एका पैशानेही उतरवायची नाही, पण माणसं पाघळायची. दुसऱ्यांना काय नावं ठेवू? मला ती एकदा "अंकल, यू आर सो स्वीट" म्हणाली, आणि मी महागाची सुरमई घेऊन वर तिलाच थँक्यू म्हणून आलो. साठी उलटलेल्या माणसाला असं कोण म्हणतं हो?

नंदा जळायची. उगाच सभ्य शब्द कशाला, जळायचीच. हेमांगीपुढे चार बायका उभ्या राहिल्या की हिची सुरी ओंडक्यावर जरा जोरातच आपटायची. टॉवरमधली गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत, पण उत्तराबाई जाता कामा नयेत, हा तिचा खरा घोर होता.

उत्तराबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न होऊन बोरिवलीत आल्यापासून नंदाच्या गिऱ्हाईक, आणि बोलण्यात नंदाला पुरून उरणाऱ्या. रविवारी दोघींचं भांडण ऐकायला आम्ही पिशव्या धरून उभे राहायचो. उत्तराबाईंची सून बाळंत झाली तेव्हा तिला दूध यावं म्हणून नंदाने बाजारभर फिरून मोरी मासा मिळवला होता. देताना म्हणाली, तुझ्यासाठी नाही हां, पोरासाठी.

आषाढात उत्तराबाईंचे यजमान गेले. चार महिने त्या बाजारात फिरकल्या नाहीत. आल्या त्या रविवारी नंदाला दिसल्या त्या नेमक्या हेमांगीच्या ओट्याशी. हेमांगीने वाटेत थांबवून त्यांचा हात धरला होता आणि टेक केअर, बी स्ट्राँग असं बरंच काही चाललं होतं. नंदाने तो हात तेवढा पाहिला. बाई काहीच न घेता रिकाम्या पिशवीने घरी गेली, हे काही तिने पाहिलं नाही.

त्या आठवड्यात तिने आपल्या कॉलेजातल्या लेकीला, जान्हवीला, कामाला लावलं. दुखावलेल्या माणसाशी इंग्लिशमध्ये काय बोलतात ते सगळं पाठ करून दे म्हणाली. हे मला जान्हवीनेच सांगितलं. तिने आईला विचारलं होतं, मराठीत बोललीस तर काय बिघडलं?

"मराठीत मला येत नाही," नंदा म्हणाली.

पुढच्या रविवारी उत्तराबाई सरळ नंदाकडे आल्या. मी बाजूलाच कोलंबी निवडत होतो. त्यांनी एक बांगडा उचलला, कल्ला उघडून पाहिला.

"हा कधीचा गं? आमच्या ह्यांच्या आधी गेला की काय?"

असं बोलायची सोय त्यांना जगात तेवढ्या एकाच ओट्यावर होती. नंदाच्या ओठांवर काहीतरी झणझणीत आलं होतं, मी पाहिलं. तेवढ्यात तिची नजर समोर हेमांगीकडे गेली, आणि आलेलं तिने गिळलं.

"सो सॉरी, डिअर," ती म्हणाली. "आय अंडरस्टँड. तुला पाहिजे तो ने. डोन्ट वरी."

उत्तराबाईंनी बांगडा हळूच खाली ठेवला.

"तू पण?" त्या म्हणाल्या. "घरात मुलगा, सून, शेजारीपाजारी, सगळे असंच बोलतात माझ्याशी. चार महिन्यांत मला कोणी उलटून बोललं नाही, नंदा. म्हणून तर आले होते."

आणि त्या निघाल्या. नंदा ताडकन उठली, पण शिवी हासडावी की माफी मागावी हे तिला ठरवता येईना. तोवर बाई फाटकाबाहेर गेल्या होत्या.

नंतर त्या बाजारात आल्याच नाहीत. सून मोबाइलवरून मासे मागवते म्हणे, साफ करून, डब्यात. हेमांगीचं डिअर डिअर अजून जोरात चालू आहे. परवा मी नंदाकडे बोंबील घेत होतो, तर ते साफ करता करता ती समोर हेमांगीकडे बघत होती.

"हिने पळवली असती ना बाईला, तर बरं झालं असतं," मग म्हणाली. "हिला शिव्या तरी घालता आल्या असत्या."