आधीचं पान कुठलं?

‘कुठून आलात?’ या प्रश्नाचा मला लहानपणापासून राग आहे. आमच्या भाजे गावात तो दोन प्रकारे विचारतात. माझी मावशी लेण्यांकडे निघालेल्या पाहुण्यांना विचारते, ‘कुटनं आला?’ आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या पुढं करते. दुसऱ्या प्रकारात माणसं उत्तर नीट ऐकून घेतात, मग आडनाव विचारतात, मग त्यांचा चेहरा बदलतो. आम्ही बौद्ध. तो बदलणारा चेहरा मला पाठ आहे.

तुंगार्लीतल्या एका छोट्या ऑफिसात मी सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम लिहिते. बंगले भाड्यानं देणारी वेबसाइट आहे. यंदा मालकांनी ठरवलं, की बंगल्यांवरच्या पाहुण्यांना आसपासच्या गावांतल्या बायकांच्या हातचं जेवण द्यायचं. बायकांनी मोबाइलवर फॉर्म भरायचा, शुक्रवारी संध्याकाळी नोंदणी बंद. मावशीला हे काम हवंच होतं. तिच्या अख्ख्या पावसाळ्याच्या कमाईचा प्रश्न होता.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. ‘मला न्हाई घेत गं ते. लय येळा भरला फॉर्म. शेवटी आडनाव पुसून बी बघितलं, तरी न्हाई.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव पुसून! मागच्या वर्षी एका बंगल्यावरून तिचे डबे आडनाव कळल्यावर न उघडताच परत आले होते. तिला वाटलं, आता मशीनलाही कळायला लागलं.

मशीनला आडनावाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला दुसरीच खोड लावलेली होती. आपण एखाद्या लिंकवरून पानावर आलो, की ब्राउझर सर्व्हरला बहुधा सांगतो, हे आधी अमुक पानावर होते. त्या पत्त्याला रेफरर म्हणतात. प्रोग्राममध्ये तो ज्या नावानं मागायचा, त्या इंग्रजी नावाचं स्पेलिंगच मुळात चुकलेलं आहे आणि सगळ्या जगानं ती चूक मुकाट चालवून घेतलीय. माझ्या आधीच्या प्रोग्रामरनं फॉर्म उघडताना हा पत्ता टिपून ठेवायची सोय केली होती. तो आमच्याच साइटचा नसला, की सर्व्हर भरलेला फॉर्म नाकारायचा. मावशीला लिंक आली होती बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथून येणाऱ्याच्या मागं बहुतेकदा कुठलं पानच नसतं, पत्त्याची जागा रिकामी राहते. म्हणजे ज्या बायकांसाठी फॉर्म काढला, त्याच दाराबाहेर.

मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, कुठून आले ते जे सांगत नाहीत, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’

‘सर, सांगायचं की नाही ते ब्राउझर ठरवतो. आणि पत्ता खोटाही देता येतो. लबाड माणूस खुशाल आत येईल. अडकतायत त्या बाया.’

‘बरं, तुझ्या मावशीचं नाव तू आतून घालून टाक. विषय संपला.’

ते चांगुलपणानंच म्हणाले, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. मागच्या दारानं, ओळखीनं, उपकार म्हणून! माझ्या मावशीला मागचं दार नको होतं. आणि गटातल्या बाकीच्या बायकांची भाची कुठं ऑफिसात बसली होती?

‘नाही घालणार,’ मी म्हणाले. ‘ती अट काढते. फॉर्म उघडताना सर्व्हर स्वतःच एक खूण देईल, ती फॉर्मबरोबर परत आली की बास. माणूस कुठून आला, हे विचारायचं कारण नाही.’

‘आणि मी नको म्हटलं तर?’

‘तर प्रोग्रामर दुसरा बघा, सर.’

होकाराची वाट मी पाहिली नाही. अट पुसली, खुणेचं काम बसवलं, तपासून घेतलं आणि मावशीला फोन लावला. ‘आता भर.’

ती जरा घुटमळली. ‘नुसतं नाव लिवू का? उगा परत...’

‘पूर्ण लिही, मावशी. आडनावासकट. आणि गटातल्या सगळ्यांना सांग.’

फोन चालूच होता. पलीकडं ती एकेक अक्षर पुटपुटत होती, आडनावापाशी आवाज थोडा बारीक झाला. मग म्हणाली, ‘दाबलं बटण.’

‘घेतलं गं,’ ती म्हणाली. ‘आडनाव बघून बी घेतलं.’