पुन्हाबाई आणि मागं पडणारं मशीन

घरोघरी जाऊन दुखणाइतांना सांभाळणाऱ्या या नर्सचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे पुन्हाबाई म्हणत. सिरिंज पंप लावताना ती रुग्णाचं नाव, औषध, मात्रा, वेग, बॅटरी, सगळं खड्या आवाजात वाचायची आणि वाचून झालं की स्वतःलाच दटावायची, "पुन्हा!" नवख्या घरात लोकांना वाटायचं, बाई आपल्यालाच ओरडतेय, तेही बिचारे मागोमाग म्हणू लागत.

तिला पुरून उरले ते एक घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडत बसलेला माणूस. आता आजार बरा होण्यापलीकडे गेला होता, दुखणं तेवढं आटोक्यात ठेवायचं होतं. म्हणून कातडीखाली बारीक सुई, सुईला नळी आणि नळीला पंप. चोवीस तास थोडं थोडं औषध आत जायचं. पण पंप दर काही मिनिटांनी घुर्र करायचा आणि गप्प बसायचा. हा कामचुकारपणा घड्याळजींना सोसेना. पहिल्या दिवशी त्यांनी तो कानाला लावला. दुसऱ्या दिवशी चिमटा मागितला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सगळी हत्यारं पिठाच्या डब्यात दडवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पंप चक्क भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

पुन्हाबाई दारातूनच ओरडली, "आजोबा, खाली घ्या! अंगापेक्षा उंच ठेवला तर औषध आपोआप आत ओढलं जाईल!"

"घड्याळ काय उशीखाली ठेवायचं असतं?"

"घड्याळ नाही हो ते!"

"तीच तर बोंब आहे," घड्याळजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती सिरिंज बदलायला आली, तर घड्याळजी घामाघूम होऊन बसलेले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"तुमचं मशीन मागं पडतंय," ते दात आवळून म्हणाले.

"अहो काकू, मग फोन नाही का करायचा?"

"हे म्हणाले, आधी पुरावा गोळा करतो," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

पुरावा कॅलेंडरच्या मागं होता. दर तासाला सिरिंजमध्ये किती औषध उरलं, ते पेन्सिलीनं लिहिलेलं.

"मशीन मागं पडत नसतं. तुम्ही काही उचकटलंत का?"

"कशानं? हत्यारं पिठात आहेत!"

पुन्हाबाईनं पंप बघितला. पडद्यावर औषध संपत आलेलं, सिरिंजमध्ये मात्र दोन मिली जास्तच. तिनं सिरिंज फिरवून कंपनीचं नाव वाचलं. काल सिरिंजचा जुना खोका संपला होता. ही सिरिंज दुसऱ्या कंपनीची, जरा बारीक; पंपानं दट्ट्या तेवढाच ढकलला तरी औषध कमी जाणार. सिरिंज लावताना पंपानं नेहमीसारखं विचारलं होतं, जुन्याच कंपनीची ना? आणि जगाला दोनदा वाचायला लावणाऱ्या बाईनं सवयीनं 'हो' दाबलं होतं. गुपचूप बदलली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन बरोबर आहे, आजोबा. चुकले मी. रात्रभर तुम्हाला औषध कमी गेलं."

घड्याळजींचा चेहरा दुखण्यातही खुलला. "ऐकलंस का गं? मागं पडलं होतं!" आणि लगेच सल्ला, "मग आता काटा पुढे सरकवा. वेग वाढवा."

"मुळीच नाही. राहिलेलं असं भरून काढायचं नसतं."

तिनं डॉक्टरांना फोन लावून चूक जशीच्या तशी सांगितली. त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन वेगळं दिलं, सुईची जागा तपासली, नवी सिरिंज बसवली. या वेळी कंपनीचं नाव घड्याळजींनी स्वतः भिंग लावून वाचलं आणि मगच तिला 'हो' दाबू दिलं. मग ती चूक तक्त्यावर लिहायला बसली. घड्याळजी उशीवरून मजकूर सांगू लागले, "'वेग' नको, 'गती' लिहा. आणि पुरावा कुणी दिला, तेही..."

वाक्य पुरं झालंच नाही. तोंड उघडं पडलं आणि खोलीभर घोरणं सुरू झालं. पुन्हाबाईनं त्यांचा श्वास नीट चाललाय ना ते बघितलं आणि त्यांची मान सरळ करायला उशीकडे हात नेला.

काकूंनी तो हात धरला. "राहू द्या, बाई. लग्न झाल्यापासून या घोरण्याला मी शिव्या घालतेय. काल रात्रभर ऐकू आलं नाही, तर भिंतीकडे तोंड करून रडले मी."

दोघी कितीतरी वेळ ते ऐकत बसल्या.